दोन ते पाच, बोलिंग क्लब

"उद्या दुपारी सुट्टी ना गं तुझी, ग्लेन?" स्वयंपाकघराच्या दाराला टेकून कर्स्टननं विचारलं. "काय बेत?"

ग्लेनिस भोपळा सोलत होती. सुरी होती तिथंच थांबली.

"बेत कसला? कपडे धुवायचे, पाय वर करून पडायचं."

"पडच. दमलीयस तू." कर्स्टन गोड हसली. "आणि बोलिंग क्लबाकडं जाणार असलीस तर सांग हं आधी. माझी काही हरकत नाही. आपलं मला ठाऊक असावं, एवढंच."

ती निघून गेली. तिच्या सँडलांची टकटक व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली, आणि ती थांबेपर्यंत ग्लेनिसनं भोपळ्याला हात लावला नाही.

टेकडीवरच्या त्या वृद्धाश्रमाची कर्स्टन व्यवस्थापक होती. ग्लेनिस पॅस्को तिथं एकोणीस वर्षं चौतीस म्हाताऱ्यांना रांधून घालत होती. त्या चौतिसांत तिची आईही होती. तीन वर्षांपूर्वी आईचं, मेव्हिसबाईंचं, अर्धं अंग गेलं, आणि तेव्हापासून त्या पूर्वेच्या खोलीत, खिडकीशी, नवऱ्याच्या जुन्या गव्हाच्या रानाकडे बघत बसून असत. दुसरा वृद्धाश्रम गाठायचा तर दोनशे किलोमीटर. तिथं आईला हलवली तर ती महिनाभरही काढणार नाही, हे ग्लेनिसला पक्कं माहीत होतं.

अर्धांगवायू झालेल्या बऱ्याच जणांना पातळ काही गिळता येत नाही. टेकडीवर असे अकरा जण होते. चहा, पाणी, सूप, सगळ्यात एक पावडर घालून ते मधासारखं दाट करावं लागतं, नाहीतर घोट श्वासनळीत जातो. गेल्या हिवाळ्यात कर्स्टननं फर्मान काढलं होतं, डबा महिनाभर पुरला पाहिजे, यापुढे कपाला एकाऐवजी अर्धाच चमचा. "चालतं का पण तेवढ्यात?" असं ग्लेनिसनं एकदाच विचारलं होतं. "डॉक्टरांना विचारलंय मी," कर्स्टन म्हणाली होती. जुलैत, ऐन थंडीत, त्या अकरांतल्या लेन हॉकिंगला सकाळच्या चहाचा ठसका लागला आणि पाचव्या दिवशी तो गेला. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. अख्खं गाव मयताला आलं होतं. तिथली सँडविचं ग्लेनिसनंच केली होती, आणि तो चहाही तिनंच केला होता.

आता फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, वृद्धाश्रमांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाची दोन माणसं शहरातून आली होती. लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला. पहिल्या दिवशी ती जेवणघरात बसली. कोणाला भेटवायचं ते कर्स्टननं ठरवलं आणि नऊ जणांना हाताला धरून स्वतः घेऊन आली. "इथं तुम्हाला सुरक्षित वाटतं का?" हा प्रश्न विचारला जात असताना ती तीन पावलांवर उभी राहून पडद्याच्या चुण्या नीट करत होती. म्हातारी डल्सी रो म्हणाली, "छान आहे, फार छान आहे," आणि बरोबर सांगितलं ना, अशा नजरेनं कर्स्टनकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटं सरकवताना ग्लेनिसनं हे सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवसाचं पत्रक सूचनाफलकावर लागलं होतं. कर्मचारी आणि नातेवाईक यांनी निर्धास्तपणे यावं, दोन ते पाच, बोलिंग क्लब, नाव गुप्त राहील. ग्लेनिसनं ते वाचलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. बोलिंग क्लबाची अख्खी दर्शनी भिंत काचेची! समोर बेकरी, शेजारी पोस्ट. हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या म्हाताऱ्यांत कोण जिंकलं ते लोक बेकरीतूनच वाकून बघतात. शिवाय गावात कोणाची गाडी कुठं उभी आहे एवढ्यावरून लोक एकमेकांची दुखणी, भांडणं आणि लफडी ओळखतात. ग्लेनिसची गाडी तर मोहरीच्या फुलासारखी पिवळी, तिला कांगारू धडकल्यानंतर बसवलेला हिरवा दरवाजा. ती क्लबापुढं लागली की पाच मिनिटांत टेकडीवर फोन जाणार.

रात्रभर तिनं विचार केला आणि सकाळी स्वतःच्या हुशारीवर खूश झाली. गाडी न्यायचीच नाही. धान्याच्या कोठारांमागून चालत जायचं आणि क्लबाच्या मागच्या दारानं शिरायचं.

गावात जन्म काढलेल्या बाईनं अशी चूक करावी म्हणजे कमालच. त्या गावात, एकेचाळीस अंश उन्हात, कोणी चालत नाही. चालणारा माणूस म्हणजे एकतर गाडी बंद पडलेला, नाहीतर डोकं फिरलेला. दोनशे पावलंसुद्धा झाली नव्हती तोच पहिली गाडी थांबली. लोकर घेऊन चाललेला ट्रेव.

"काय गं ग्लेन, गाडीनं मान टाकली?"

"नाही रे. पाय मोकळे करतेय."

"या उन्हात? बरी आहेस ना?" ट्रेवनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बस, सोडतो."

"नको. डॉक्टरनं सांगितलंय चालायला."

"आपल्या डॉक्टरनं? तो तर सुट्टीवर आहे की!" असं म्हणून ट्रेव गेला, पण जाताना आरशात बघत गेला. मग पोस्टातली जॅनेल थांबली. तिलाही ग्लेनिसनं तेच खोटं सांगितलं. माश्या तोंडावर बसत होत्या आणि त्या हाकलायचंही तिला सुचत नव्हतं. परत फिरावं. घरी जाऊन दार लावून घ्यावं. लेन गेला तो काही परत येत नाही. आई तर आहे अजून.

ती खरंच वळली, आणि वळली तर समोर कर्स्टनची पांढरी गाडी.

काच खाली झाली. आतून गार हवेचा झोत आला. "चढ," कर्स्टन म्हणाली. "जॅनेल सांगत होती, ग्लेन उन्हात भटकतेय म्हणून. काळजीच वाटली मला."

नको म्हणायचं धाडस झालं नाही. ग्लेनिस आत बसली. पट्ट्याचा खटका तिसऱ्यांदा बसला.

"मेव्हिस आज छान होती," गाडी हळूहळू चालवत कर्स्टन बोलत होती. "खिडकीशी बसून हसत होती. ती खोली किती जण मागतात, ठाऊक आहे तुला? मी म्हणते, नाही, ती ग्लेनच्या आईची. आपल्या माणसांचं आपणच बघायचं. बाहेरच्यांचं काय, येतात, कागद भरतात, आणि एखाद दिवशी कुलूप लावून जातात. मग म्हाताऱ्यांनी जायचं कुठं?"

ग्लेनिसनं गार हवेची जाळी दुसरीकडे वळवली.

"हं, बोल. कुठं सोडू? घरी ना?"

होय म्हटलं की संपलं असतं. होय तोंडात आलंही होतं. पण घरी म्हटल्यावर तिला उद्याची सकाळ दिसली. किटली, ओळीनं मांडलेले अकरा कप आणि हातात अर्धा चमचा.

"क्लबापाशी," ग्लेनिस म्हणाली.

कर्स्टननं गाडी नेली ती थेट काचेच्या भिंतीसमोर, अगदी दारात उभी केली, आणि इंजिन चालूच ठेवलं. बेकरीतली दोन डोकी वळली. ग्लेनिस उतरली. दारापर्यंत आठ पावलं होती. ती चालत गेली.

आत मंडळाच्या दोघांतली बाई तेवढी बसली होती. पन्नाशीची, पांढऱ्या केसांची. समोर बिस्किटांची बशी होती, एकालाही हात न लागलेली.

"या, या! आज तुम्हीच पहिल्या," ती घाईघाईनं उठत म्हणाली. "नाव सांगायची गरज नाही हं. काल नऊ जण भेटले, सगळे खूश. आणि आज अडीच तास झाले, चिटपाखरू नाही. आमचं काय चुकलं, काही कळेना."

"तुम्ही काचेत बसलात बाई," ग्लेनिस म्हणाली. "इथं कोण येणार? यायचं तर न सांगता यायचं. स्वयंपाकघरात यायचं, फडकं घेऊन चार ताटं पुसायची. माणूस हात चालू असले की बोलतो. आणि डबे उघडून बघायचे."

बाईनं मागं वळून बघितलं. पांढरी गाडी तशीच उभी होती. तिचा चेहरा एकदम उतरला. "पडदा ओढू का?"

"राहू द्या. आता काय उपयोग!" ग्लेनिस खुर्चीत बसली. "नाव लिहा. ग्लेनिस पॅस्को. टेकडीवर स्वयंपाक करते. लेन हॉकिंगचा शेवटचा चहा मी केला होता."

मग तिनं सगळं सांगितलं. डबा, फर्मान, अर्धा चमचा, ठसका. बाई तिच्याकडे न बघता लिहीत होती, आणि ग्लेनिसला तेच बरं वाटत होतं.

"म्हणजे हिवाळ्यापासून सगळ्यांनाच अर्धा?" बाईनं विचारलं. "अकराही कपांत?"

बाहेर गाडी मागं घेतल्याचा आवाज आला. ती टेकडीच्या दिशेनं गेली. ग्लेनिसनं मान वळवली नाही. तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"दहांत," ती म्हणाली. "आईच्या कपात मी पूर्ण घालत होते. हेही लिहा."