कुंपणापुरत्या विटा

साइटवर सगळे त्याला विटावाला म्हणत. गाडी लावायची, माल उतरवून घ्यायचा, पावतीवर सही घ्यायची आणि निघायचं. घर कुणाचं, राहणार कोण, याच्याशी त्याचं देणंघेणं नसे. दिवसभरात त्याचं बोलणं म्हणजे "मागे घेऊ का?" आणि "झालं का?" एवढंच.

त्या दुपारी एका नव्या वस्तीत तो गाडी मागे घेत होता, तेव्हा आरशात धाकटा भाऊ दिसला. हातानं वाट दाखवत होता. "येऊ दे, येऊ दे. बस."

आई गेली तेव्हा विटावाला लांबच्या खेपेवर होता. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती," एवढं बोलून भावानं दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद.

तो खाली उतरला. भावाचा हात हवेतच राहिला.

"तू होय," भाऊ म्हणाला.

"घर बांधतोयस?"

"हो. दोनच खोल्या."

"छान."

हमाल विटा उतरवू लागले, तसा कधी नव्हे तो विटावालाही त्यांच्यात मिसळला. भाऊ उन्हात उभा राहून बघत होता. शेवटी सही करताना म्हणाला, "राहायला आलो की कळवतो."

हायवेला लागल्यावर विटावाल्याच्या लक्षात आलं, मधे आपला नंबर बदललाय. भावानं मागितलाही नव्हता. त्यानं गाडी वळवली.

भाऊ निघून गेला होता. गवंडी थापी धूत होता.

"माझा नंबर घ्या. मालकांना द्या."

"काय नावानं ठेवू?"

"मोठा भाऊ."

गवंड्यानं मान वर केली. "मालकांना भाऊ आहे? ते तर म्हणाले, मागेपुढे कुणी नाही."

विटावाल्यानं आपल्या गाडीकडे पाहिलं.

"मग विटावाला म्हणून ठेवा," तो म्हणाला. "विटा कमी पडल्या तर फोन करा."

महिन्याभरानं गवंड्याचा फोन आला. कुंपणाला थोड्या विटा हव्या होत्या. एवढीशी खेप कुणीही नेली असती, पण तो धुतलेला शर्ट घालून स्वतः निघाला.

भाऊ साइटवर नव्हता. सही गवंड्यानंच केली. विटावाला दोन्ही खोल्यांतून फिरला, ओट्यावर हात फिरवला, खिडकीशी थांबला. बाहेर मागून आलेल्या टेम्पोनं हॉर्न वाजवला. वाट अडली होती. तो गाडी काढायला गेला.