नादबाबाची चिमूट

रविवारी सकाळी दहालाच गॅरेजच्या गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेला लोखंडी दांडा. कुणाचा नवा, कुणाचा जुना, कुणाचा अजून रंगही न लागलेला. सगळे निघाले होते टोकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नादबाबाकडे.

हा बाबा पूर्वी काय करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही कुणाला वाटत नव्हतं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बोटं मात्र तेलकट. समोर आलेला दांडा तो फडक्याने हळूहळू पुसायचा, दोन बोटांच्या चिमटीत उभा लटकवायचा आणि पितळी हातोडीने टोला द्यायचा. दांडा घंटेसारखा गायला की गर्दी माना डोलवायची. बद्द वाजला की मालकाचं तोंड उतरायचं.

“लोखंडात जीव असतो, बाळांनो,” बाबा डोळे मिटून सांगायचा. “जिवंत असेल ते गातं, मेलेलं मुकं राहतं. मी कोण? मी नुसता कान.”

नुसता कान म्हणे! या कानाने अख्ख्या गल्लीची तपासणी गिळून टाकली होती.

दांडा म्हणजे गाडीच्या सांगाड्याला चाक जोडून ठेवणारा आर्म. गाडी जमिनीलगत बसवायची हौस केली की चाकं वरून आत झुकतात आणि टायर एका बाजूने खरवडून निघतात. मग चाक सरळ करायला या गल्लीत लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म बनवत. जाड नळी घ्यायची, तिच्या दोन्ही टोकांना आतून आटे पाडलेले तुकडे वेल्ड करायचे, त्यात जोड फिरवून लांबी धरायची आणि लॉकनट आवळायचा. असा आर्म धावत्या गाडीत तुटला तर पुढचं सांगायला नको. म्हणून पूर्वी प्रत्येक वेल्डला लाल रंग लावून तडा शोधत. त्यात अर्धा तास जायचा. बाबाकडे निकाल अर्ध्या मिनिटात.

आणि फसले कोण, तर लोखंडाशी जन्म काढलेली माणसं. मडकं वाजवून घ्यावं, फुटकं असलं तर बद्द वाजतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेवढ्यावरच त्यांनी विश्वास टाकला.

गर्दीच्या मागे खांबाला टेकून मिस्त्री उभा होता. गल्लीतले असे पहिले आर्म त्याने आणि त्याच्या मुलाने बनवले. मुलगा मापं काढायचा, बाप वेल्ड करायचा. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्यातलाच एक आर्म वळणावर तुटला. गाडीत मुलगा एकटा होता. त्यानंतर मिस्त्रीने वेल्डिंगला हात लावला नव्हता.

पुढच्या रांगेत त्याची बायको बसली होती. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला त्याच गाडीचा दुसऱ्या बाजूचा आर्म होता, शाबूत राहिलेला. पोरगा यात थांबलाय, असं बाबाने तिला सांगितलं होतं. गायला तर ‘हो’, मुका राहिला तर ‘नाही’. पहिल्याच रविवारी तिने विचारलं होतं, “ह्यांच्या वेल्डमुळे झालं का रे?” दांडा मुका राहिला.

त्या दुपारी ती मिस्त्रीसमोर ताट घेऊन बसली. पोरगा गेल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदा. “अहो, तुमची चूक नव्हती,” म्हणाली आणि रडली. मिस्त्री मान खाली घालून जेवला. बाबा भोंदू आहे हे त्याला त्याच घासाला कळलं, कारण तुटलेला तुकडा त्याने पाहिला होता आणि खरं उत्तर त्याला ठाऊक होतं. पण घर पुन्हा बोलायला लागलं होतं. सहा महिने त्यानेही ते खोटं गोड मानून घेतलं.

मग आज तो इथे कशाला आला? भाचीमुळे. ही त्याच्या बहिणीची मुलगी, दवाखान्यात नर्स, रोज घाट ओलांडून कामाला जाणारी आणि गाडीच्या बाबतीत भलती हौशी. आदल्या दिवशी सकाळी ती गल्लीतल्याच एका दाढीवाल्याच्या गॅरेजमधून घेतलेला नवा आर्म मामाला दाखवायला आली. मिस्त्रीने वेल्डच्या कडेवरून नख फिरवलं. नख किंचित अडलं.

“हा बसवू नकोस.”

“मामा, नादबाबांनी पास केलाय. कसला खणखणीत वाजला!”

“वाजू दे. बसवू नकोस.”

“म्हणजे बाबांचं खोटं? मग मामीला मिळालेलं उत्तरही खोटंच का?”

पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं, तिने आपलं सरळ विचारलं. मिस्त्रीने आर्म खाली ठेवला. “तुमचं आपलं काहीतरीच,” म्हणत तिने आर्म उचलला. “उद्या बाबांकडे जोडी दाखवते, की सोमवारी गाडी घाटात.”

ती गेल्यावर मिस्त्रीने नळीचा एक तुकडा कापला आणि दिवसभर तो ठिकठिकाणी चिमटीत धरून वाजवत बसला. संध्याकाळपर्यंत बाबाची सगळी विद्या त्याच्या बोटांत उतरली होती.

तर आता भाचीचा नंबर आला. तिचा दुसरा आर्मही बाबाच्या चिमटीत खणखणीत गायला. मिस्त्री खांब सोडून पुढे झाला.

“बाबा, एक शंका आहे.”

“शंका म्हणजे गंज, मिस्त्री.”

“असेना. गंज काढण्यातच माझा जन्म गेला.”

दोघे-चौघे हसले. मिस्त्रीने भाचीच्या हातून कालचा आर्म घेतला, मधोमध चिमटीत धरला आणि पान्याने टोला दिला. बद्द.

“मेला,” तो म्हणाला. मग चिमूट वर सरकवली आणि पुन्हा टोला दिला. आर्म खणखणीत गायला. “उठला बघा. मी काय केलं? नुसती बोटं सरकवली.”

मागचे लोक पुढे सरकले.

“दांडा वाजतो म्हणजे थरथरतो,” मिस्त्री म्हणाला. “पण सगळीकडे सारखा नाही. टोकापासून पाव भागाच्या जरा अलीकडे एक जागा जवळजवळ हलतच नाही. तिथे धरलं की गातो. मधोमध धरलं की आपलीच बोटं त्याची थरथर मारतात. बाबा फडक्याने पुसतो असं आपल्याला वाटतं. तो पुसत नाही, बोटांनी मोजतो.”

दाढीवाल्याने आर्म ओढून घेतला आणि स्वतः करून पाहिलं. आर्म त्याच्या हातात दोनदा मेला, दोनदा उठला. मग त्याने तो मिस्त्रीच्या हातात परत दिला.

“अविश्वासी हातात लोखंड बावचळतं,” बाबा म्हणाला.

“अहो, पण दाढीवाला तर तुमचा पट्टशिष्य,” मागून कुणीतरी म्हणालं.

मिस्त्रीने पिशवीतून लाल रंग काढला, वेल्डवर लावला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. कुणी जागचं हललं नाही. मग रंग पुसून त्याने वर पांढरी पूड फवारली. पांढऱ्यावर वेल्डच्या कडेने लाल रेघ उमटत गेली, बोटभर लांब. भाचीने तोंडावर हात दाबला.

“वाजवायला माझी हरकत नाही,” मिस्त्री म्हणाला. “पण एवढा बारीक तडा आवाजात येत नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. प्रत्येक वेल्डचा, दर वेळी. कुणी कितीही मोठा कारागीर असो.”

एव्हाना बाबा मागच्या दाराने पसार झाला होता. त्याच्यामागे धावायचंही कुणाला सुचलं नाही.

कारण मिस्त्रीची बायको उठून उभी राहिली होती. तिने टॉवेल सोडला आणि आतला आर्म नवऱ्यापुढे धरला. “अहो, आता याला विचारा. तुमच्या हातून झालं का?”

मिस्त्रीने आर्म हातात घेतला. बोटं कुठे ठेवली की काय उत्तर येईल, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने तो बाकावर ठेवून दिला.

“हे लोखंड काही सांगणार नाही. मी सांगतो. वेल्ड माझं होतं. नुसतं वरवर बसलं होतं, आत धरलंच नव्हतं. तुटलं तेव्हा साल निघावी तसं निघालं. पोरगा म्हणत होता, रंग लावून बघू या. मी म्हणालो, माझ्या वेल्डला कसला रंग लावतोस?”

“चौदा महिने बोलला नाहीत.”

“नाही बोललो.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाली, “मी त्याला आणखी एक विचारलं होतं. दुखलं का रे, बाळा? तर नाही म्हणाला. त्यावरच मला झोप लागायची.” तिने नवऱ्याची बाही धरली. “मग दुखलं का हो त्याला?”

‘नाही’ हा शब्द मिस्त्रीच्या जिभेवर आला होता. तो म्हणाला असता तर त्या शेडमधल्या एकानेही त्याला दोष दिला नसता. पण एवढं सगळं करून पुन्हा तेच करायचं?

“माहीत नाही,” तो म्हणाला. “खरंच माहीत नाही गं.” आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो लोकांदेखत रडला.

ती खाली बसली. तोही तिथेच, तिच्यापासून जरा अंतरावर बसला. भाची दोघांच्या मध्ये जाऊन बसली. लोक आपापले आर्म उचलून गुपचूप बाहेर पडले. दाढीवाल्याने जाताना लाल रंगाचा डबा मागून नेला.

बाबाच्या खोट्याने एका आईला सहा महिने झोप दिली, हे नाकारून चालणार नाही. पण तेच खोटं सोमवारी दुसऱ्या एका आईच्या लेकीला घाटात घेऊन निघालं होतं. म्हणून सांगणं एवढंच, की तुमचं दुःख हलकं करून देतो म्हणणारा भेटला तर त्याचं बोलणं सोडा, त्याचे हात बघा. जे तपासता येतं ते तपासा. आणि ज्याचं उत्तर कुणाकडेच नसतं, तिथे माहीत नाही म्हणायला शिका. जड जातं. मिस्त्रीच्या बायकोला आजही जातं.