हळू बोलून बघ

सिंधूने नवा मोबाइल टॉवेलात गुंडाळला, वळकटी केलेल्या गादीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तो आत सारला आणि दुकानदाराला म्हणाली, "आता लावा रिंग."

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या त्या दुकानात गिऱ्हाइकं थोडीच होती, पण होती तेवढी सगळी वळून बघायला लागली. गादी हॉस्टेलवर न्यायची होती. सिंधूची मुलगी दीपमाला डॉक्टरकीच्या क्लाससाठी आजपासून लातुरात राहणार होती आणि हॉस्टेलात बटणाचाच मोबाइल चालायचा. असे मोबाइल दुकानदार माणिकप्पा रोजच विकायचे. पण मोबाइल पुरून बघणारी बाई त्यांना आजच भेटत होती. त्यांनी हसू दाबून रिंग लावली. गादीतून बारीकशी कुईकुई आली.

"न्हाई, लई बारीक हाय," सिंधू म्हणाली. "दुसरा दाखवा, अप्पा."

क्लासचं ओळखपत्र गळ्यात घातलेल्या दोघी मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. दीपमाला आईपासून जरा लांब सरकली आणि भिंतीवरचे चार्जर बघत उभी राहिली. सकाळपासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मनासारखा मोबाइल मिळत नाही म्हणून बाईसाहेब रुसल्यात, असा सिंधूने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता.

दुसरा मोबाइल गादीतूनही असा खणखणीत वाजला की शेजारचा चपलावाला डोकावून गेला. सिंधूचा चेहरा थोडा सैल झाला. मग बॅटरीची चौकशी सुरू झाली. माणिकप्पांनी सांगितलं, एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला नको. यावर बहुतेक गिऱ्हाइकं खूश होतात. सिंधूने विचारलं, नुसता पडून राहिला तर किती चालेल.

"पडून कशाला ऱ्हाईल, ताई? पोरगी बोलंल की रोज."

"आमी किल्लारीकडले हाव," सिंधू म्हणाली.

माणिकप्पांचं हसू गेलं. लातुरात दुकान घातलेल्या माणसाला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. त्यांनी फोडलेलं खोकं बाजूला ठेवलं आणि कपाटाच्या वरच्या खणातून जाड बॅटरीचा एक मोबाइल काढून, सिम घालून दिला. तोही गादीतून चांगला वाजला.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सिंधू पोरसवदा होती. घराच्या दगडमातीखाली ती गाडली गेली. वर माणसं फिरत होती, ती तिला ऐकू येत होती, पण तिची हाक वर पोचत नव्हती. शेजारची तुळजाबाई ढिगाऱ्याला कान लावून बसली, म्हणून सिंधू जिवंत निघाली. आता सरकारने दिलेलं पक्कं घर होतं, तरी ती झोपायची अंगणातल्या पत्र्याच्या शेडात, आणि लेकीलाही तिथंच घेऊन झोपायची. नवरा थट्टा करायचा, ती करू द्यायची. आणि आता तीच लेक चौथ्या मजल्यावर झोपणार होती. सकाळी हॉस्टेलच्या जिन्यात सिंधूने प्रत्येक वळणावर भिंत चाचपून बघितली होती. खालची खोली मागितली, तर रेक्टरबाईंनी सगळं भरलंय म्हणून वाटेला लावलं.

"रिंगचं झालं," ती माणिकप्पांना म्हणाली. "आता आवाज बघू. दबलेल्या मानसाला वरडता येत न्हाई."

तिने नवा मोबाइल लेकीच्या हातात दिला, स्वतःचा पिशवीतून काढला आणि तिला रस्त्याच्या पलीकडे जाऊन फोन लावायला सांगितलं.

"हळू बोलून बघ, दिपे. वठातल्या वठात. काय बी बोल."

दीपमाला गेली. पलीकडे बंद शटरच्या पायरीवर पाठमोरी उभी राहिली. सिंधूचा फोन वाजला. आधी नुसता रिक्षांचा गोंगाट आला, मग त्याच्याखालून लेकीचा आवाज.

"आई, मला लई भ्या वाटायलंय."

सिंधू पलीकडे बघत राहिली. लेकीने मान वळवली नाही.

"भूकंपाचं न्हाई. मला हे जमायचं न्हाई, आई. गावात माझा फोटो लावलाय, भावी डॉक्टर म्हनून. समदे म्हनायलेत, दीपमाला करती. तुला कसं सांगावं कळंना. काल छातीत लई धडधडलं. वाटलं, सकाळ हूच नये."

"येतंय का ऐकू, ताई?" माणिकप्पांनी विचारलं.

सिंधूने मान डोलावली. जिन्यात वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली. भिंत निदान हाताने चाचपता येत होती. सकाळपासून तिने जिना बघितला, छत बघितलं, बॅटरीची चौकशी केली. लेकीला एका शब्दाने विचारलं नव्हतं. धावत जाऊन तिला कवटाळावं असं तिला वाटलं. पण जवळ गेलो तर पोर पुन्हा गप्प होईल, हेही तिला कळत होतं. ती तिथंच गादीवर बसली. एक कान हाताने झाकला, दुसऱ्याला फोन घट्ट धरला.

"आई? हायेस का?"

"हाय," सिंधू तितक्याच हळू म्हणाली. "ठिवू नको. बोल."