सवतीची पोरं

बोटांच्या चिमटीत धरलेल्या मुळाचं सालपट मोज्यासारखं अलगद निघून आलं आणि आत उरला तो नुसता दोरा – ओला, तपकिरी, वास मारणारा. त्यानं दुसरी कुंडी उपडी केली. तिसरी. सगळीकडे तेच... आणि वर पानं मात्र हिरवीगार, जणू काही झालंच नाही. ऑर्किडची हीच तर लबाडी. मुळं कुजून गेली तरी पानं अंगातल्या साठ्यावर महिना-दोन महिने तग धरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काय छान चाललंय!

त्यानं रोपं पुन्हा कुंड्यांमध्ये, सालीच्या तुकड्यांत खोचून ठेवली. कशाला ठेवली, कोण जाणे. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला. म्हणजे ती आजही उठली होती.

लेक गेल्यापासून बायकोनं अंथरूण धरलं होतं. साधा ताप आहे म्हणून, इस्पितळात न नेता, तिनंच लेकीला घरी ठेवून घेतलं होतं, आणि तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून, स्वतःचे हात चादरीखाली लपवून पडून राहायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मेहुणी येऊन राहिली, रागावली, रडली, ही ढिम्म. तो चष्म्याचं दुकान बंद करून यायचा तो थेट इथं, गॅलरीत. ज्या ऑर्किडला बायको आपली सवत म्हणायची, ते मूळ झाड केव्हाच मेलं होतं. त्याच्या एकुलत्या एका शेंगेतलं बी प्रयोगशाळेत रुजवून, बाटल्यांतून आणलेली ही एवढीएवढीशी रोपं. त्या जातीचं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं – आणि खरं सांगायचं तर दुसरं काहीच नव्हतं. बाटल्या घरी आल्या तेव्हा लेक होती. "घ्या, माझी सवत लेकुरवाळी झाली," असं ही म्हणाली होती, आणि लेक इतकी हसली होती की... जाऊ दे.

मग त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, आणि टाके चिघळून मुक्काम महिनाभर लांबला. इस्पितळात मेहुणीचा फोन – भावोजी, ताई उठली हो! स्वतःहून उठली, झारी शोधून काढली, तुमच्या रोपांना पाणी घालते रोज, सकाळ-दुपार-संध्याकाळ. मेहुणी रडत होती आणि तोही रडला, टाके दुखेपर्यंत रडला. सकाळ-दुपार-संध्याकाळ म्हटल्यावर मुळं कुजणार हे त्याला तेव्हाच कळलं... पण तो म्हणाला, घालू दे.

घालू दे म्हणाला तो. एक वाक्य पुरलं असतं, अगं, आठवड्यातून दोनदाच. पण इतक्या दिवसांनी उठून उभ्या राहिलेल्या बाईला पहिलंच वाक्य 'असं नको करू' हे ऐकवायचं? कुणाची जीभ रेटेल?

ती झारी घेऊन गॅलरीत आली. केस विंचरलेले, हात कोपरापर्यंत ओले. काल तो घरी आल्यापासून तिनं रोपांबद्दल विचारलं नव्हतं. धीर होत नसावा.

"कशी आहेत हो?"

"छान आहेत," तो म्हणाला.

"सवतीची असली तरी पोरंच ना." ती एकेका पानावरून बोट फिरवत होती. "म्हटलं, एवढी तरी माझ्या हातून जगू देत."

तिनं झारी कलती केली. पाणी आधीच तुडुंब झालेल्या सालीतून वाहून खालच्या ताटलीत साचलं. आता थांबवून काय होणार होतं? तशीच दुसरी रोपं आणून ठेवावीत, तर ती जात बाजारात मिळत नाही, आणि मिळाली तरी झारी हिच्याच हातात. रोग पडला म्हणून सांगावं, तर ती आपले हात तेवढे बघत राहील. महिना, फार तर दोन. मग पानं पिवळी पडतील, एकेक गळेल, आणि ती इथं उभी असेल, रोज, केस विंचरून.

त्याआधी हिनं पुन्हा अंथरूण धरलं तर... भिंतीकडे तोंड करून पडली तर तिला दिसणार तरी नाही.

हे मनात आलं, आणि तो दचकलासुद्धा नाही. ती झारी भरून आणायला आत वळली, तसे त्याचे डोळे मिटले. देवाजवळ इतक्या मनापासून काही मागितल्याला त्याला फार दिवस झाले होते.