पहिल्या ओळीतला श्री

मी हरिश्चंद्र. कुवेतमधल्या जाब्रियातल्या एका खाजगी लॅबमध्ये एकतीस वर्षं तंत्रज्ञ. गुरुवारी निवृत्त होणार, आणि निरोपाच्या ट्रॉफीवर कोरणार होते, ‘लॅबच्या पहिल्या प्रोग्रामचे जनक’. जनक म्हणे!

तो प्रोग्राम रक्ताचे रिपोर्ट छापतो. विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा. जुन्या मशीनला दुसरं काही चालत नाही, म्हणून टिकलाय. माझ्या जागी येणारी संपदा तो शिकत होती. डबा खाताना तिनं विचारलं, “काका, डॉस मुळात कुणाचं हो? कुणी म्हणतं त्याआधीच्या सीपी/एम या प्रणालीची नक्कल, कुणी म्हणतं स्वतंत्र.”

“नक्कलच असणार!” मी तडकलो. “राबणारा एक, मिरवणारा दुसरा!”

“सिद्ध कुठे झालंय? बरं, ते जाऊ दे. आपल्या प्रोग्रामची पहिली ओळ बघितलीत? नुसतं ‘श्री’ लिहिलंय. तुम्ही तर देव मानत नाही. लग्नपत्रिकेवरसुद्धा श्री छापू दिला नव्हतात, काकू सांगतात.”

मी डबा बाजूला सारला. दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं. आधी तिथे सरोजिनी पटवर्धन होतं, कारण प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता. बाईंनी मला हाताला धरून काम शिकवलं. कोऱ्या पानावर आधी श्री, मग बाकीचं, अशी त्यांची रीत. आईच्या आजारपणापायी त्या चिपळूणला परतल्या. मी दोन दुरुस्त्या केल्या, त्यांचं नाव पुसलं आणि बढती घेतली. श्री तेवढा पुसवेना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

संपदाला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “मग फोन लावा.”

लावला. “बाई, तुमचं नाव मी खोडलं. तुमच्या जिवावर माझं घर उभं राहिलं, लेक डॉक्टर झाली. आणि साधे आभारसुद्धा मानले नाहीत हो मी.”

मग बाई म्हणाल्या, “अजून चालतोय का रे तो?”

“रोज सत्तर रिपोर्ट, बाई.”

“अगोबाई!” त्या हसल्या, की रडल्या, कळलं नाही. “मला वाटलं, केव्हाच भंगारात गेला असेल. सांभाळलास बाबा.”

संध्याकाळी राई भागातल्या ट्रॉफीवाल्याकडे गेलो. मजकूर बदलायचा म्हटल्यावर त्यानं कागद पुढे केला. मी आधी मधोमध श्री काढला, आयुष्यात पहिल्यांदा. मग खाली बाईंचं नाव लिहिलं.