शिळं चित्र

खिडकी लावायला ती कॅमेऱ्यासमोरून गेली, परत येताना सहज पडद्याकडे पाहिलं, आणि पडद्यावर ती नव्हती.

खोली होती. टेबल होतं, टेबलावरचा तारांचा गुंता होता, तिची रिकामी खुर्ची होती. फक्त तीच नव्हती. तिने हात वर केला. पडद्यावर कोणी हात वर केला नाही. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र सेकंदामागून सेकंद मोजत निवांत चाललं होतं. भर दिवसा, लख्ख उजेड असलेल्या प्रयोगशाळेत, चाळिशी ओलांडलेल्या त्या बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण मेलोबिलो की काय, असं क्षणभर वाटून गेलं. मग पडदा एकदम हलला, आणि हात वर करून तोंडाचा आ वासलेली एक बाई तिथे उभी दिसली. ती तीच होती.

भूत असतं तर बरं झालं असतं. ती किंचाळली असती, चार माणसं जमली असती, पोटभर हसली असती आणि विषय तिथेच मिटला असता. पण काय घडलं ते तिला लगेच उमगलं, आणि खरी भीती त्यानंतर सुरू झाली.

ताईचं काम ड्रायव्हर लिहिण्याचं. ताई म्हणजे तीच. घरात ताई होती, ऑफिसातही सगळ्यांची ताईच झाली होती. 'ड्रायव्हर लिहितेस? मग गाडी कोण चालवतं?' असं नात्यातल्या प्रत्येक आत्याने आणि मामाने एकदा तरी विचारलं होतं, आणि समजावणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. खरं तर गोष्ट साधी आहे. कॅमेरा जे बघतो ते चित्र तो मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी नेऊन ओततो. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामला ती जागा दिसावी म्हणून कर्नलने, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या कारभाऱ्याने, मध्ये एक दार उघडून द्यायचं. यालाच मॅपिंग म्हणतात. दार कसं उघडायचं ते ताईने ठरवायचं आणि तसं लिहून द्यायचं, तोच ड्रायव्हर. आता यात गोम अशी, की प्रोसेसर हा मुलखाचा आळशी. एकदा मेमरीपर्यंत जाऊन काही आणलं, की त्याची नक्कल तो हाताशी असलेल्या कप्प्यात, कॅशमध्ये, ठेवून देतो आणि पुन्हा मागितलं की तीच पुढे करतो. एरवी हा आळस फायद्याचाच. पण मधल्या वेळात कॅमेऱ्याने मागच्या दाराने नवं चित्र आणून ठेवलं, तर ते या पठ्ठ्याच्या गावीही नसतं. तो आपला शिळंच वाढत राहतो.

म्हणून त्या जागेपुरती कॅश बंद ठेवायची, नाहीतर नवं चित्र आलं की जुनी नक्कल फेकून द्यायला सांगायचं. या धंद्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. ताईलाही ते पाठ होतं. पण मागे एकदा चित्र अडखळतंय म्हणून साहेबांनी तिचं डोकं खाल्लं, तेव्हा तिने कॅश चालू करून पाहिली. चित्र झरझर सरकायला लागलं, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि नक्कल फेकायची ओळ 'नंतर लिहू' म्हणून राहिली ती राहिलीच. प्रोसेसर आणि मेमरी ज्यावर बसवलेली असते त्या जुन्या बोर्डावर ते खपून गेलं. त्याचा कप्पा इतका चिमुकला, की आख्खं चित्र त्यात मावायचंच नाही. नवं आत यायचं तर जुन्याला बाहेर पडावंच लागायचं. नव्या बोर्डाचा कप्पा ऐसपैस होता. तपासणीच्या वेळी यंत्रात ढीगभर प्रोग्राम चालू असायचे, त्या गर्दीत शिळं चित्र आपोआप बाहेर ढकललं जायचं. आज मात्र तिने बाकी सगळं बंद केलं होतं. यंत्राला दुसरं काही कामच नव्हतं, त्यामुळे मघाचं चित्र कप्प्यात खुशाल मुक्काम ठोकून बसलं होतं. कर्नलचं एखादं किरकोळ काम मध्ये निघालं, तेव्हा कुठे ते हललं.

आणि घड्याळ? ते कॅमेऱ्यातून येतच नव्हतं. प्रोग्राम ते चित्रावर वरून काढायचा. चित्र मेलं तरी घड्याळ चालूच राहणार. हे तिच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. कारण गिऱ्हाइकांच्या माणसांना शिकवताना ती आजवर सगळीकडे एकच गोष्ट सांगत आली होती : घड्याळ चालतंय ना, मग चित्र ताजं आहे.

आज सकाळीच टिल्लूच्या क्रेनवर नवा बोर्ड बसवला होता.

टिल्लू तिचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा वीतभर होता म्हणून टिल्लू. आता दारातून वाकून आत येतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. एका मोठ्या बांधकामावर तो क्रेन चालवायचा. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून पायाच्या खोल खड्ड्यात लोखंडी तुळया उतरवायचा. केबिनमधून खड्ड्याचा तळ दिसत नाही. पूर्वी काठावर एक इशारेवाला उभा राहून हातवारे करायचा. मग खड्ड्याच्या भिंतीवर कॅमेरा बसला, 'माझ्या ताईचा कॅमेरा' म्हणत टिल्लूने साइटवरच्या सगळ्यांचे कान किटवले, आणि इशारेवाल्याला दुसऱ्या कामाला लावलं. टिल्लूच्या यंत्रात कॅमेऱ्याशिवाय दुसरं काहीच चालत नव्हतं. शिळ्या चित्राला तिथेही लगेच ढकलणारं कोणी नव्हतं.

तिने फोन लावला. केबिनमध्ये फोन न्यायला बंदी आहे, तो खाली पेटीत ठेवावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. तरी तो पुरता वाजून बंद होईपर्यंत तिने कानाला धरला. मग ती धावतच साहेबांच्या केबिनमध्ये शिरली आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, आधी खात्री करू, मग कळवू. उगीच बोभाटा नको."

"साहेब, माझा भाऊ बसलाय तिथे."

"म्हणूनच म्हणतोय. तुम्ही घाबरलाय."

घाबरली होतीच. साइटवरच्या मुकादमाचा नंबर दोनदा चुकला. पण तिने तो साहेबांच्या समोरच लावला.

"बोला ताई!" मुकादमाचा आवाज खुशीत होता. "पडदा एकदम झकास हो. मघाशी मी स्वतः वर जाऊन बघून आलो."

"मुकादम, क्रेन थांबवा."

"अं?"

"आत्ताच्या आत्ता थांबवा. पडदा खोटं दाखवतोय."

"खोटं कसं दाखवेल? घड्याळ चालू होतं की."

तिचेच शब्द, तिच्याच कानात. तिला रडू कोसळलं. "घड्याळाचं सोडा! ते मी चुकीचं शिकवलं. घड्याळ चालतं आणि चित्र जुनं असतं. माझ्यावर विश्वास ठेवा, थांबवा त्याला."

मुकादम तसा भला माणूस. पण अर्ध्या तुळया अजून उतरायच्या होत्या, आणि फोनवर एक बाई रडत सांगत होती की चालतं घड्याळ खोटं. "बरं, असं करू का? एक माणूस खड्ड्यात उभा करतो आणि टिल्लूला विचारतो दिसतो का."

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की साहेब खुर्चीतून उठले. "खाली कोणाला पाठवू नका! आधीच कोणी आहे का ते बघा."

"बघतो, बघतो. ऑफिस खड्ड्याच्या काठालाच आहे, खिडकीतून दिसतं इथून." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हां, आहेत दोघं. मघाच्या तुळईचे दोर सोडवतायत. टिल्लू त्यांना बघूनच सोडेल ना पुढची."

"त्याला ते दिसत नाहीत!"

"आता तुमच्या समाधानासाठी विचारतो, झालं?" वॉकीटॉकीची खरखर ऐकू आली. "टिल्लू, खाली कोण आहे रे?"

मग तिला तिच्या भावाचा आवाज आला. लांबून, चिरका, पण नेहमीसारखाच मजेत.

"कोणी नाही, मुकादम. मैदान साफ. सोडतोय."

मुकादमाने पुन्हा खिडकीतून खाली पाहिलं असावं. एवढासा वेळ गेला असेल, पण ताईला त्या वेळात मरण दिसलं. मग तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "थांब! टिल्लू, थांब! सोडू नको, हात काढ!" फोन कुठेतरी आपटला. पळणारी पावलं ऐकू आली, कोणाच्या तरी हाका, आणि मग लोखंडाचा एक लांबलचक कर्कश आवाज. त्यानंतर फक्त वारा.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. ती फोन कानाशी दाबून उभी होती आणि मनातल्या मनात कोणाकोणाची विनवणी करत होती ते तिलाच कळत नव्हतं. ती दोन माणसं कोण, घरी त्यांची वाट कोण बघतंय, तिला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच होतं, की एक ओळ तिने नंतरवर टाकली होती.

फार वेळाने कोणीतरी फोन उचलला. श्वास जड होता.

"ताई."

"टिल्लू! कोणाला..."

"नाही. वाचले दोघं. डोक्यावर हातभर अंतरावर थांबली तुळई." मग हा दारात न मावणारा माणूस लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "ताई, माझे डोळे गेले गं."

"काय?"

"मी नीट बघितलं होतं. तुझी शपथ. दोनदा बघितलं, कोणी नव्हतं. आणि खाली येऊन बघतो तर दोघं तिथेच उभे. मला माणसं दिसेनाशी झालीत. मी आता क्रेनवर नाही बसणार."

त्याच्या मनात पडद्याविषयी शंकासुद्धा आली नव्हती. ताईने केलेल्या वस्तूवर संशय घेण्याआधी तो स्वतःचे डोळे गमवायला तयार झाला होता. आतापर्यंतच्या भीतीपेक्षा हे तिला जास्त लागलं.

"तुझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "चूक माझी आहे. पडदा तुला जुनं चित्र दाखवत होता. एक ओळ लिहायची होती, ती मी लिहिली नाही."

हुंदके थांबले. तो चिडेल, शिव्या देईल, फोन आपटेल, यातलं काहीही तिने निमूट ऐकून घेतलं असतं.

"हा बोर्ड अजून कोणाकोणाकडे गेलाय?" त्याने विचारलं.

तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "या आठवड्यात अजून सहा ठिकाणी," ते हळूच म्हणाले, आणि ते टिल्लूलाही ऐकू गेलं.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयेस, ताई? ठेव फोन!"

तिने फोन ठेवला. साहेब पहिला नंबर वाचायला लागले होते. तिने तो लावला आणि कानाला धरला. पलीकडे घंटा वाजत होती, आणि कोणी उचलत नव्हतं.