कच्च्या शिलाईचं दार

मुलगा स्पष्ट बोलून गेला होता. पुढच्या रविवारी येईन, तू एकटीने नीट वावरतेस असं दिसलं तर राहा, नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. मुलगा काही वाईट नव्हता. तीन तासांवर त्याचं घर होतं आणि त्यात आईसाठी खोली रिकामी ठेवलेली होती, चांगली हवेशीर. पण बाईंना ती नको होती. लोकांचे कपडे शिवून शिवून चाळीस वर्षांत त्यांनी हे दोन खोल्यांचं घर उभं केलं होतं, आणि आता दुसऱ्याच्या घरात विचारून चहा करायचा, या विचारानेच त्यांच्या जिवावर येई.

आईची नजर जरा अधू झाली आहे, एवढंच मुलांना ठाऊक होतं. जरा कसली? समोर पाहिलं की मधोमध राखाडी डाग, आणि कडेकडेने जे काय हाती लागेल ते. आवाजावरून आणि चालीवरून त्या माणसं ओळखत. गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि बाईंनी ते पोटात ठेवलं.

घरात त्यांचं कुठे अडत नसे. अडायचं दाराशी. दाराच्या आतला तो चिंचोळा बोळ, भिंती पांढऱ्या, दार पांढरं, बटणं पांढरी, चपलांचं कपाटही पांढरंच. पिठात पीठ मिसळावं तसं सगळं. बाहेरूनही मजल्यावरची चारही दारं एकसारखी. गेल्या महिन्यात बाई शेजारणीच्या कुलपात किल्ली खुपसून पाच मिनिटं झगडत राहिल्या. शेजारणीने ही बातमी इमानेइतबारे मुलाला कळवली, आणि तिथून हे रविवारचं लचांड मागे लागलं.

लेक घरं सजवायची कामं करत असे. बाईंनी तिलाच फोन लावला.

"दाराशी रंग लावून दे मला. भडक हवाय. दार पिवळं, भिंत निळी, कडी लाल."

लेक हसत सुटली. "तुला? बदामी आणि राखाडीच्या पलीकडे कधी गेली आहेस का तू?"

"आताशा आवडतं भडक."

खरं कारण सांगायची सोय नव्हती. लेकीच्या तोंडात तीळ भिजत नसे. इकडे सांगावं आणि तासाभरात तिकडे मुलाने पेट्या मोजायला घ्याव्यात, अशी गत.

बुधवारी लेक रंगाऱ्याला घेऊन आली. सोफ्यावर बसून तिने फोनमधली चित्रं एकामागून एक दाखवली. बाईंना त्यात चकचकणाऱ्या काचेपलीकडे काही दिसत नव्हतं, पण त्या "वा, वा" म्हणत राहिल्या.

"भडकच करू, पण जरा रीतसर," लेक म्हणाली. "सगळं एकाच गडद निळ्यात. भिंत, छत, दार, चौकट, कपाट, बटणं, कडीसुद्धा. आत पाऊल टाकलं की माणूस रंगात बुडून जातो."

"बुडायला कशाला हवं?" बाईंनी विचारलं. पण लेक जोरात होती, आणि जास्त हट्ट धरला तर का, कशासाठी, असं उकरत बसली असती. बाईंनी मान डोलावली.

रंगारी हाताचा पक्का होता. घासून, लांबी भरून, रंगाचे दोन हात देऊन त्याने तीन दिवसांत काम उरकलं. कुठे सांधा दिसू द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. बिजागऱ्यांचे स्क्रूसुद्धा त्याने निळे केले. "ताई, दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते, शोधून दाखवा," तो लेकीला म्हणाला. लेक खूश होती.

शुक्रवारी दुपारी तिने आईला हाक मारली. बाई आल्या. पुढे निळा काळोख. हात लांबवून त्यांनी अंदाज घेतला, एक मूठ हाताला लागली, ती ओढली, आणि तोंडभर हसून म्हणाल्या, "छान झालंय. दार अगदी हलकं उघडतंय."

त्यांनी चपलांचं कपाट उघडलं होतं.

लेकीला आधी वाटलं आई चेष्टा करते आहे. मग हसणं अर्धवट राहिलं. रंगाऱ्याने रोलर खाली ठेवला आणि पाणी प्यायला म्हणून तो स्वयंपाकघरात निघून गेला.

"आई, किती दिवसांपासून?"

"वर्ष होईल."

"आणि मला सांगितलं नाहीस." लेक चिडली होती आणि रडतही होती, दोन्ही एकदम. बाईंना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली, आणि भीती वाटली की त्यांचा आवाज चढत असे.

"सांगून काय झालं असतं? उचलून नेलं असतं मला. तू आता नीट ऐक. पक्की टीप घालताना दोरा कापडाच्या रंगाचा घेतात, कारण ती दिसायला नको. त्याआधी कच्ची शिलाई घालतात ना, ती कशाने? काळ्यावर पांढरी, पांढऱ्यावर लाल. दिसावी म्हणून. तू आणि या रंगाऱ्याने मिळून मला पक्की टीप घालून ठेवलीत. मला कच्ची हवी आहे."

लेकीने डोळे पुसले. तिच्या कामाची गोष्ट होती, तिला पटकन कळली.

शनिवार सगळा त्यातच गेला. लेकीने रंगीत कागदांचे तुकडे कापले आणि एकेक जागेवर धरून आईला विचारलं, दिसतो का. निळ्यावर नारिंगी चिखलासारखा दिसे, तो बाद. पिवळं दार आतून-बाहेरून ठरलं. पिवळ्यावर कडी लाल, चौकट पांढरी, बटणांभोवती पांढरा चौकोन, कपाट हिरवं, कुलपाच्या भोकाभोवती काळं कडं. रंगारी दिवसभर धुसफुसत होता. तीन दिवस सांधे लपवले आणि आता हौसेने रेघा मारायच्या, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. पण रेघा मारल्या त्याने सरळसोट. बोळ शेवटी खेळण्यांच्या दुकानासारखा दिसू लागला.

"याचा फोटो मी कुणाला दाखवणार नाही," लेक म्हणाली. मग थोडं थांबून, "दादाला मी आपण होऊन सांगणार नाही. पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

रविवारी अकराला घंटा वाजली. लेक खोलीच्या दारात उभी राहिली. बाई ओट्यापाशी हात पुसून निघाल्या. कुठे चाचपलं नाही, कुठे थबकल्या नाहीत. लाल कडी एका झटक्यात सरकली आणि पिवळं दार उघडलं. बाईंचा जीव सुपाएवढा झाला.

दारात कुणीतरी उभं होतं. जिन्यात उजेड कमी, आणि तोंडाच्या जागी तो राखाडी डाग. मुलगा काही न बोलता हसत उभा होता, आईला चकित करायला.

"कोण हवंय आपल्याला?" बाईंनी विचारलं.

लेकीने डोळे मिटून घेतले.

"मी गं, आई," मुलगा म्हणाला.

बाईंनी दार घट्ट धरलं. सगळं मुसळ केरात, असं त्यांना वाटलं, आणि लपवण्यात आता काही राम नव्हता. "माझी नजर गेली आहे," त्या म्हणाल्या. "मधली. दार दिसलं. तू नाही दिसलास."

मुलगा आत आला. बूट काढायला कपाटावर टेकला तो तिथेच बसून राहिला. पिवळं दार, लाल कडी, पांढऱ्या रेघा, सगळं त्याने एकेक करून पाहिलं. "हे सगळं त्यासाठी?" त्याने बहिणीला विचारलं. तिने मान डोलावली.

"आई, बाहेर जा. दार ओढून घे आणि किल्लीने उघडून आत ये."

बाई किल्ली घेऊन गेल्या. दार लागलं. लगेच कुलपात किल्ली फिरली आणि त्या आत आल्या. मुलाने बूट पायात तसेच ठेवून नाक पुसलं.

"राहा इथेच," तो म्हणाला. "मी येईन तेव्हा जिन्यातूनच हाक मारत येईन. म्हणजे तुला विचारावं लागणार नाही."